आबांच्या कोटावरच्या तीन पट्ट्या

माझ्या वडिलांच्या काळ्या कोटावर, डाव्या खिशाच्या वर, तीन रंगीत पट्ट्या होत्या. फौजी माणसाच्या छातीवर असतात तशा. एक नऊ वर्षांच्या नोकरीची, एक वीस वर्षांच्या नोकरीची आणि एक स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा सैन्यातल्या सगळ्यांना मिळालेली. तिन्ही त्यांनी स्वतःच्या हातानं शिवल्या होत्या आणि तिन्हींतली एकही त्यांची नव्हती.

आबा शिंपी होते. सव्वीस वर्षं एका पलटणीबरोबर देशभर हिंडले, पण पलटणीत नव्हते. भरती झालेले शिंपीही सैन्यात असतात. त्यांना नंबर असतो, वर्दी असते, पेन्शन असतं. आबांनी तशी भरती दोनदा दिली आणि दोन्ही वेळा छातीच्या मापात कमी भरले. मग ठेक्यावर गेले. आवाराच्या कडेला एक पत्र्याची शेड, तिच्यात मशीन, आणि खिळ्यांना टांगलेली रिबिनींची रिळं. एखाद्याला नवं पदक मिळालं की तो आबांकडे यायचा, आबा त्या रिबिनीचा दीड इंचाचा तुकडा कापून पट्टीवर चढवायचे. कुठली आधी, कुठली नंतर, याचा नियम असतो. तो त्यांना तोंडपाठ होता. मी सात-आठ वर्षांची असताना आई आणि मी दोन वर्षं तिथं राहिलो, म्हणून मला हे ठाऊक. धाकट्या भावाचा जन्म नंतरचा, गावाकडचा. त्यानं ती शेड कधी पाहिलीच नाही.

आमचं गाव गडमुडशिंगीच्या पुढं, आतल्या रस्त्याला. तिथं चार घरं सोडून एक फौजी. आई लोकांना सांगायची, "फौजेत हाईत." पत्रांवर पत्ता फौजेच्या पोस्टाचा. आमच्या भागात एवढ्यावर कोणी पुढं विचारत नाही. आणि आमच्याकडं रीत आहे, फौजी नोकरी संपवून आला की त्याला वेशीवरनं उघड्या जीपमधून मिरवत आणायचं. हलगी, गुलाल, दारोदारी ओवाळणं. आबा ठेका संपवून परत आले तेव्हा कारगिलची लढाई नुकतीच होऊन गेली होती. तालमीची पोरं जीप सजवून एसटीच्या थांब्यावर उभीच होती. आबा उतरले ते साध्या शर्टात, पण सोबतच्या काळ्या ट्रंकेवर पलटणीचं नाव पांढऱ्या रंगात घातलेलं. पोरांनी ट्रंक बघितली आणि माणूस उचलला.

तेव्हा माझं लग्न होऊन मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत आले होते. त्या दिवशी मुद्दाम गावी गेले होते, हातात आरतीचं ताट होतं. जीप दाराशी आली. आबांचा चेहरा गुलालानं इतका माखलेला की डोळे तेवढे दिसत होते, आणि ते डोळे माझ्याकडंच बघत होते. त्या वेळी खाली उतरून "बाबांनो, मी टेलर हाय" असं ते म्हणाले असते, तर पोरं हसली असती, थोडी चिडली असती आणि चहा प्यायला गेली असती. आबा जीपमध्येच बसून राहिले. मीही ओवाळलं. बारा वर्षांचा भाऊ जीपच्या बॉनेटवर बसून ओरडत होता.

त्या दिवसाचं मी समजू शकते. माणूस गडबडून जातो. पण दोन महिन्यांनी शाळेतून सव्वीस जानेवारीचं छापील निमंत्रण आलं, माजी सैनिकांच्या सत्काराचं. त्याला नाही म्हणायला भरपूर सवड होती. मी तेव्हा माहेरीच होते. आबा खिडकीत बसून कोटावर काहीतरी टाचत होते.

"काय करताय आबा?"

"पट्टी लावतोय."

"कुणाची?"

"माझी."

मी तापट आहे, हे सासरी सगळ्यांना तोंडपाठ आहे. मी कोट ओढला. त्यांनी सोडला नाही. मीही ब्लाऊज शिवते, दोघंही शिंपीच, कापड फाटेल म्हणून दोघांनीही जोर लावला नाही.

"वीस वर्षं काढली की न्हाई म्या तितं?" आबा म्हणाले. "बर्फात बसून शिवलंय. बोटं सुजायची, सुई धरवायची न्हाई. शौर्याची लावली काय मी? न्हाई न्हवं? जखमेची लावली? तेवढी अक्कल हाय मला. दिवस भरल्याची पट्टी हाय ही. दिवस भरल्यात माझं."

मी म्हटलं, "कुणी विचारलं तर?" आणि आबा म्हणाले, "कोण इचारतंय?"

खरोखर वीसेक वर्षं कोणी विचारलं नाही. गाव त्यांना मेजर म्हणू लागलं. आमच्याकडं शिपाई असो की हवालदार, घरी आला की मेजरच. त्यांच्या मशीनवर कपडे टाकायला लोक लांबून यायचे, फौजेत शिकून आलेला हात म्हणून. फौजी कँटीनची स्वस्त बाटली मागणारे भेटायचे, त्यांना आबा सांगायचे, "मी घेत न्हाई, म्हणून कार्डच काढलं न्हाई." असा फौजी आमच्या पंचक्रोशीत दुसरा नसेल, पण लोकांनी तेही कौतुकात घेतलं. आई गेली. भाऊ मोठा झाला. त्यानं गेटवर 'माजी सैनिक' असं रंगवून घेतलं आणि मोटरसायकलवर मागं-पुढं फौजेचं लाल स्टिकर चिकटवलं. ते स्टिकर बघून पोलीस गाडी अडवत नाहीत म्हणायचा. मी त्याला एकदाच म्हटलं, "कशाला रे ते, काढ की." तो म्हणाला, "का? बापाचा अभिमान नको व्हय?"

पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला सकाळपासून मी काही खायचे नाही. इकडं माझ्या ब्लाऊजच्या दुकानात मी कात्री चालवत असायचे आणि कान फोनकडं. दुपारी भावाचा फोन यायचा, आबांना शाल मिळाली, फोटो टाकलेत बघ. मग मी जेवायचे.

चार वर्षांपूर्वी दुकानात मापं द्यायला आलेल्या एका मुलीनं मला हसत मोबाईल दाखवला. "काकी, नकली फौजी पकडला बघा." उत्तरेकडच्या कुठल्या तरी बाजारातला व्हिडिओ. आबांच्याच वयाचा माणूस, खाकी शर्ट, छातीवर पट्ट्या. चारपाच माजी सैनिकांनी त्याला घेरलं होतं. नंबर सांग, पलटण सांग, ट्रेनिंग कुठं झालं सांग. त्याला काही सांगता येईना. मग एकानं त्याला त्या पट्ट्या स्वतःच्या हातानं काढायला लावल्या, कान धरायला लावले. आजूबाजूचे लोक मोबाईल वर करून हसत होते. म्हातारा हात जोडून प्रत्येकाकडं वळत होता, कोणाला आधी जोडावेत हे न कळल्यासारखा.

मुलीचं माप मी दोनदा चुकीचं लिहिलं. तिला घालवून भरदुपारी शटर ओढलं आणि बस धरून गावी गेले. भाऊ कामावर होता. मी आबांसमोर मोबाईल धरला. त्यांनी चष्मा लावून सगळा व्हिडिओ बघितला. संपल्यावर म्हणाले, "त्यानं पट्ट्या उलट्या लावल्यात. पैल्यांदा मोठी येती."

"आबा!"

"व्हय गं, कळलं मला."

त्यांनी मोबाईल पालथा करून परत दिला. मी म्हटलं, या वर्षापासून झेंडावंदनाला जायचं नाही. तब्येतीचं कारण सांगायचं. आबा चष्मा पुसत म्हणाले, "अचानक जायाचं सोडलं तर लोक इचारत्याल." भीती इतकी वर्षं त्यांनाही होतीच. मला वाटत होतं ती मी एकटी वाहतेय.

त्याच वर्षी पलीकडच्या वाडीत एक सुभेदार निवृत्त होऊन राहायला आले. खरे सुभेदार, अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेले. उंच, कमी बोलणारे. त्यांनी आसपासच्या गावांतले माजी सैनिक एकत्र केले. कोणाचं पेन्शन अडलंय, कोणाची विधवा कागदांसाठी हेलपाटे घालतेय, ती कामं हा माणूस स्वतः करायचा. चांगला माणूस, आणि म्हणूनच मला त्यांची भीती वाटायची. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

त्या पंधरा ऑगस्टला मी गावी गेले. दुकानात बसून फोनची वाट बघणं मला जमलं नसतं. शाळेच्या मैदानावर झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली जात होती. सुभेदार आबांजवळ आले. मी पाच पावलांवर होते.

"पावणं, पलटण कंची तुमची?"

आबांनी सांगितली. सुभेदारांनी जागा विचारल्या, आबांनी सांगितल्या. कुठल्या साली कुठं मुक्काम होता, कमांडिंग साहेब कोण होते, लंगरात गुरुवारी जेवायला काय असायचं, आबा पटापट बोलत होते. मी बघत होते. खोटं बोलणाऱ्या माणसाला एवढं खरं येत असेल असं कोणाला वाटेल?

"मग मेडलं का लावत न्हाईसा?" सुभेदार म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या कोटावर पदकं होती, हलताना वाजायची. "पट्ट्या वर्दीवर. साध्या कोटावर मेडलं लावायची असत्यात."

"ट्रंकेत हायत."

"आणा की एकदा. कडंला नंबर कोरलेला असतोय, बघू तरी." आणि मग सहज, चौकशी करावी तसं, "नंबर काय तुमचा?"

फौजी बायकोचं नाव विसरेल, पण नंबर विसरत नाही. आबा थांबले. मैदानावर शंभरेक माणसं, निम्म्यांच्या हातात मोबाईल. भाऊ जिलेबीचं ताट घेऊन आमच्याकडंच येत होता.

आबांनी एक नंबर सांगितला. सावकाश, एकेक आकडा. सुभेदारांनी मान हलवली. "बरं," एवढंच म्हणाले आणि एक जिलेबी उचलून निघून गेले.

घरी आल्यावर आबांनी कोट काढून खुंटीला लावला आणि भिंतीकडं तोंड करून पडले. दोन दिवस जेवले नाहीत. मी विचारलं, "तो नंबर कुणाचा सांगितला?" म्हणाले, "व्हता एक पोरगा." त्यानंतर कितीतरी दिवस दारात मोटरसायकल थांबली की ते मशीनवरचा पाय काढून कान द्यायचे. सुभेदार कधी आले नाहीत. त्यांना संशय आला होता, की ते सहज विचारून विसरून गेले, हे मला आजतागायत कळलेलं नाही. न कळणं जास्त वाईट असतं.

गेल्या वर्षी आबांना अर्धांगाचा झटका आला. कोल्हापुरातच दवाखान्यात ठेवलं होतं, त्यामुळं दिवसभर मी बसायचे. बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपलाय का बघ म्हणाले. मी बघितलं. झोपला होता.

"त्यो नंबर," आबा म्हणाले, "एका पोराचा व्हता. बावीस वर्षांचा. त्याची शेवटची वर्दी म्या केली. वारलेल्या माणसाला वर्दी बसत न्हाई गं नीट. मागनं उसवून घालावी लागती." ते थांबले. लाळ गळत होती, मी पुसली. "छातीवर पट्टी शिवली. एकच. मग वरनं तिरंगा घातला. केशरी बाजू डोस्क्याकडं. म्या बघितलंय."

मी त्यांचा हात धरून होते.

"तुझा भाऊ घालणार. सुभेदाराला बोलावून माझ्यावर तिरंगा घालणार त्यो. घालू देऊ नगं."

"आबा, आता कशाला ते?"

"घालू देऊ नगं." त्यांचा चांगला हात माझ्या मनगटाला घट्ट आवळला होता. "कोट घातला त्यो माझा गुन्हा. पट्टी दिवसांची व्हती. पर तिरंगा... त्या पोराच्या अंगावरचा काढून माझ्यावर घातल्यागत हुईल. तू सांग त्यास्नी. मी मेल्यावर सांग, म्हंजे मला बघाया लागनार न्हाई."

मी म्हटलं, सांगते. त्यांनी पुन्हा म्हणवून घेतलं. मी पुन्हा म्हटलं, सांगते. त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती ती मरणाची नव्हती, हे मला स्पष्ट दिसत होतं.

नऊ दिवसांनी, सकाळी, आबा गेले.

घरी आणेपर्यंत भावानं सगळं केलं होतं. चौकात फलक लागला होता, आबांचा कोटातला फोटो, खाली 'माजी सैनिक'. अंगणात मंडप. मी रिक्षातून उतरले तेव्हा ठरवूनच उतरले होते. भावाला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं. पण भावाभोवती सतत दहा माणसं. दोनदा त्याच्या खांद्याला हात लावला, दोन्ही वेळा तो माझ्या गळ्यात पडून रडला. चाळिशीला टेकलेला माणूस, लहान पोरासारखा. मी त्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले आणि सांगायचं राहिलं.

तिरडी बांधून झाली आणि सुभेदार आले. सोबत पाच माजी सैनिक. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, छातीवर पदकं. एकाच्या हातात चक्र, म्हणजे फुलांचं, आणि सुभेदारांच्या दोन्ही तळव्यांवर इस्त्री करून घडी घातलेला तिरंगा. गर्दी आपोआप मागं सरली. मला वाटलं, आता. आता बोललं नाही तर कधीच नाही.

मी पुढं झाले. आबांच्या पायाशी उभी राहिले. मंडपात एवढी शांतता की बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर चाललेली जाहिरात ऐकू येत होती. गल्लीतल्या पोरांनी मोबाईल वर धरले होते. मला तो बाजारातला म्हातारा दिसला. मग गेटवरची अक्षरं दिसली, मोटरसायकल दिसली, आणि भावाचा चेहरा दिसला. त्याचे डोळे रडून सुजले होते, पण मान ताठ होती. आयुष्यात त्याच्याकडं ताठ मानेनं उभं राहायला हे एकच कारण होतं.

सुभेदारांनी आणि दुसऱ्या एकानं तिरंगा उलगडला. चारी कोपरे धरून तो आबांवर आडवा आणला. मी तोंड उघडलं. सुभेदारांनी मला बघितलं आणि हात थांबवले.

"ताई, काय म्हणायचं हाय?"

माझे ओठ हलत होते. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मला माहीत होतं कुठलं वाक्य म्हणायचं आहे. पाचच शब्द होते. माझे वडील सैन्यात नव्हते हो.

"केशरी बाजू," मी म्हणाले, "डोक्याकडं पाहिजे."

सुभेदारांनी खाली बघितलं. घाईत हिरवी बाजू डोक्याकडं आली होती. त्यांनी झेंडा फिरवून घेतला, नीट पसरला, सुरकुत्या काढल्या. मग माझ्याकडं वळून भरल्या आवाजात म्हणाले, "फौजीची लेक हाय. शोभती की."

सहा जणांनी सलाम ठोकला. गाव घोषणा देऊ लागलं. तिरंग्याखाली आबांचा चेहरा तेवढा दिसत होता आणि मी त्याच्याकडं बघू शकले नाही.

नदीकाठी अग्नी देण्याआधी त्यांनी झेंडा काढला, घडी घातली, आणि घरातलं मोठं माणूस म्हणून माझ्या हातांत ठेवला. परत येताना तो मी छातीशी धरून बसले होते. खाली ठेवायची हिंमत नव्हती आणि धरायचा हक्क नव्हता. भाऊ शेजारी बसला होता. त्यानं एकदा त्या घडीवरनं हात फिरवला, नाक पुसलं आणि विचारलं, "आक्का, आबांच्या मनासारखं झालं न्हवं सगळं?"

"झालं," मी म्हटलं.